पाला

तुळशीचं लग्न लागून पंधरा दिवस झाले नाहीत
तोच जिन्यात मफलर गुंडाळत भदौरियांनी सांगितलं,
"भाभीजी, गमले देख लो,
इस बार पाला जल्दी पड़ेगा."

पाला.
सासवडला आम्ही पाला शेळ्यांना टाकायचो.
पाला म्हणजे शेवग्याचा, शेवरीचा,
पाटीत दाबून भरलेलं हिरवं.
इथं लश्करात तो आभाळातून उतरतो,
रात्री अडीच-तीनला, पायरी न वाजवता,
आणि सकाळी पानं उकडल्यासारखी लोंबत असतात.

हे कळायला मला एक झाड द्यावं लागलं.
नवी होते. म्हणाले, पडू दे की पाला,
थंडीत पडायचाच.
सगळी गच्ची हसली. मीही हसले, कशाला ते न कळता.
चार दिवसांनी खोड नखानं खरवडलं,
आत हिरवं नव्हतं.

ही दोन त्यानंतरची.
दिगंबरनं झेलममधून आणलेल्या काड्या,
ओल्या वर्तमानपत्रात, वरून दुधाची पिशवी,
रात्रभर त्याच्या उशाशी.
भोपाळच्या अलीकडे टीसीनं विचारलं, इसमें क्या है?
हा म्हणाला, बहन है ग्वालियर में.
टीसीनं पुढं काही विचारलं नाही.

आता एक माझ्या खांद्याला लागतं, एक कमरेला.
थोरल्यावर अकरा अंजिरं आहेत,
कोटाच्या बटणाएवढी, हिरवी, टणक,
एकालाही पिकायची घाई नाही.
यांचं म्हणणं, तोडून टाक, झाडाला झोपू दे.
बरोबरच असेल.
बँकेत जन्मभर बुडीत खाती बंद केलीत त्यांनी.
मी अकरा पुन्हा मोजते.

कुंड्या ओढत ओढत पाण्याच्या टाकीला टेकवल्या.
काळी टाकी दिवसभर ऊन पिते,
रात्री थोडं थोडं परत करते.
खाली विटा, फरशीचा गारठा मुळांना जायला नको.
पाणी सकाळीच, तेही बेतानं.
मातीवर वाळक्या पानांची वीतभर गादी,
म्हणजे पाल्याचीच, आमच्याकडच्या.
तुळशीच्या मांडवाचे ऊस जिन्यात उभे होते अजून,
ते कडेकडेनं रोवले चार चार,
बारदान पानांना चिकटायला नको.
बारदान गजकवाल्या कुशवाहाकडचं,
तिळाची पोती, उसवलेली.
पैसे घेईना. शेवटी पाव किलो गजक घ्यावी लागली,
ती यांनी खाल्ली, झाडं किती महाग पडतात म्हणत.

सुतळीची गाठ दातात धरलेली
तेवढ्यात दिगंबरचा फोन.
म्हटलं, इकडे पाला पडतोय रे.
तो म्हणाला, बरं झालं, छाटणी सोपी जाईल.
समजावणार होते.
मग राहू दिलं.
त्याच्याकडे तो शब्द अजून हिरवा आहे.

रात्री दोनदा वर गेले.
आभाळ धुतल्यासारखं, किल्ल्यावरचा एकेक दिवा
टिचकी मारली तर वाजेल असा.
अशाच रात्रीची भीती. ढग असते तर झोपले असते.
दुसऱ्या खेपेला पाहिलं तर
धाकट्या झाडावर, बारदानाच्याही वरून,
भदौरियांचं फौजेतलं कांबळं,
चारी कोपऱ्यांवर विटा, कवायतीला उभ्या केल्यासारख्या.
त्यांच्या दाराखाली उजेड नव्हता.

सकाळी कांबळ्यावर पांढरी लव.
बोट फिरवलं, चटका बसला.
गाठ सुटेना, सुतळी काडीसारखी कडक झालेली,
तोंडाची वाफ देऊन देऊन सोडवली.
आतून तिळाचा वास आला
आणि ऊब, कुणी नुकतंच उठून गेलेल्या
अंथरुणाइतकी.

बारदानावर पाला होता.
बारदानाखाली पाला होता.

खालून हे विचारत होते, पडला का गं?
मी उत्तर दिलं नाही.
अंजिरं मोजत होते,
सातपर्यंत आले होते.